सड्यावरची ऋषीची भाजी

आत्माराम मयेकराने एकतीस वर्षं समुद्रावर भात शिजवला. मालवाहू बोटीवर खलाशांचा जो स्वयंपाकी असतो त्याला भंडारी म्हणतात. तो हा भंडारी. बोट कलली तर पातेलं कसं अडकवून ठेवायचं, गोडं पाणी संपत आलं की डाळ किती पाण्यात शिजवायची, चाळीस माणसांच्या आमटीला मीठ किती, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. जमिनीबद्दल मात्र त्याला एवढंच ठाऊक होतं की ती हलत नाही.

बोट सोडायची वेळ जवळ आली तेव्हा त्याने एक काम केलं, जे शहाण्या माणसाने बायकोला विचारल्याशिवाय करू नये. त्याने घर बांधलं. भाट्याच्या खाडीपलीकडे वर सड्यावर त्याला एक तुकडा मिळाला. सडा म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ. पावसाचे चार महिने हिरवी लव आणि उरलेलं वर्ष तापलेला तवा. पण पडवीत बसलं की समोर अख्खा समुद्र, दीपगृह आणि बंदराकडे येणारीजाणारी गलबतं. आत्मारामाने आरामखुर्ची कुठं ठेवायची ते आधी ठरवलं आणि मग पाया घातला.

त्याची बायको दमयंती हिचं सगळं आयुष्य मातीत गेलेलं. नवरा अकरा अकरा महिने पाण्यावर, सासूसासरे लवकर वारलेले, म्हणून ती देवरूखजवळ माहेरीच राहिली, भाऊ सखाराम याच्याकडे. माहेरच्या घरामागचं परसू तिच्या ताब्यात. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, कारली. पाऊस सरला की मुळा, लाल माठ, वाल. उन्हाळ्यात मोरीच्या पाण्यावर अळू आणि मिरच्या. बी ती चुलीच्या राखेत घोळून वाळक्या भोपळ्याच्या कवटीत ठेवायची आणि कवटी चुलीवर आढ्याला टांगायची. धूर लागला की किडा फिरकत नाही. आत्माराम रजेवर यायचा तेव्हा त्याला ती कवटी दिसायची आणि कित्येक वर्षं त्याची समजूत होती की ते दृष्ट लागू नये म्हणून बांधलेलं काहीतरी आहे.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात दमयंती सड्यावर राहायला आली. येताना तिने भांडी आणली, पाटावरवंटा आणला, देव आणले. बियांची कवटी तेवढी भावजयीच्या हातात देऊन आली. ती का नाही आणलीस म्हणून आत्मारामाने विचारलं, तर म्हणाली, “बी ठेवायचा तर पुढच्या साली तिथा असायला लागता.”

म्हणजे पुढच्या वर्षी ही इथं असणार की नाही, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. ती भांडली असती तर परवडलं असतं. खलाशांची भांडणं त्याने कालवणाच्या पळीने मोडली होती. दमयंती भांडायची नाही. घरातलं सगळं वेळच्या वेळी करायची आणि अंगणात उतरली की कातळाकडे बघायची, जसं परक्याच्या दारात उभं राहून बघावं तसं. त्याला समुद्र दाखवायची हौस होती. तिने दोनदा बघितला आणि तिसऱ्यांदा म्हणाली, बघितला.

भाद्रपद आला. गणपती मयेकरांच्या मूळ घरी, चुलतभावाकडे, खालच्या वाडीत बसायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. त्या दिवशी नेमाची बाई बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. नांगराखालचा तांदूळ नको, गहू नको, डाळ नको. हाताने खणलेल्या, हाताने पेरलेल्या जागेतली भाजी तेवढी चालते. अळू, भेंडी, पडवळ, माठ, भोपळ्याचे कोवळे शेंडे, मक्याचं कणीस, सगळं एका भांड्यात शिजवलेलं, बिनफोडणीचं. तीच ऋषीची भाजी. वर्षभर जे जनावर आपल्यासाठी राबतं त्याच्या कष्टावर एक दिवस तरी जेवू नये, असा त्यातला भाव. दमयंतीने हा नेम लग्नाच्या वर्षी धरला तो कधी मोडला नव्हता, आणि कधी दुसऱ्याच्या परसातली भाजीही खाल्ली नव्हती.

आत्माराम सकाळीच रत्नागिरीच्या बाजारात जाऊन पिशवीभर भाजी घेऊन आला. दमयंतीने पडवळ हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं की हे कुणाच्या नांगराखालचं. त्याला काय ठाऊक? त्या दिवशी ती एक शहाळं आणि दोन केळी यांच्यावर राहिली. चाळीस माणसांना तुफानातसुद्धा वेळेवर जेवायला घालणाऱ्या माणसाच्या घरात एक बाई उपाशी झोपली, हे आत्मारामाला फार लागलं.

आठवड्याने सखारामाचं पत्र आलं. बाय, पुढच्या वर्षी ऋषीला इकडेच ये, आलीस की राहा महिनाभर. दमयंतीने पत्र देवांच्या तसबिरीमागे ठेवलं. आत्मारामाला एकटा असताना ते पत्र तिथून दिसायचं आणि तो ते काढून पुन्हा वाचायचा. त्याने मनाशी ठरवलं की पुढची ऋषीची भाजी याच घराच्या मागे पिकवायची.

त्याला वाटलं, माती नाही एवढंच ना, मग माती आणू. खाडीत ओहोटीला उघडा पडतो तो गाळ काळाभोर, लोण्यासारखा मऊ. अशी माती त्याने जगात कुठल्या बंदरात पाहिली नव्हती. अख्खा फाल्गुन आणि चैत्र तो टोपलीने तो गाळ वर वाहत होता. रोहिणीत बी लावलं, विहिरीचं पाणी घातलं. कोंब आले, दोन दोन पानं आली, आणि मग पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपल्या. चढाच्या खाली यमुनाबाई म्हणून एक विधवा बाई राहायची, एक गाय आणि एक टापटीप परसू एवढा तिचा संसार. ती वर आली, गाळाची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“भंडारीभाऊ,” ती म्हणाली, “चाखून तरी बघायचात.”

आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटातलं मीठ चाखणाऱ्या माणसाने स्वतःच्या वाफ्यातलं मीठ चाखलं नव्हतं. ही गोष्ट खालच्या वाडीत दिवाळीपर्यंत पुरली. दमयंती त्या वर्षी ऋषीला माहेरी गेली ती नवरात्र करून परत आली.

दुसऱ्या वर्षी त्याने वाडीत बघून राब भाजला. भाताच्या रोपासाठी शेतकरी शेण आणि पाला पसरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि पेटवतात; त्या राखेत रोप जोमाने येतं. पण खाली खाचराला बांध असतो, राख जागेवर बसते. सड्यावर बसायला जागाच नव्हती. दुपारचा समुद्रवारा सुटला आणि आत्मारामाची सगळी राख उडून यमुनाबाईने वाळत घातलेल्या आमसुलांवर जाऊन पडली. यमुनाबाईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मात्र तिनेच सांगितलं की आधी वारा अडवा, मग बाकीचं. तेव्हा त्याने चिरे रचून तीन बाजूंनी कमरेएवढा गडगा घातला. तो आजही बघितला तर थोडा वाकडा आहे, पण पडलेला नाही. दमयंती त्या वर्षी श्रावणात गेली आणि तुळशीचं लग्न लावून आली. दरवर्षी तिचा मुक्काम लांबत होता आणि आत्माराम ते बोटांवर मोजत होता.

चौऱ्याऐंशी साली त्याने हयगय केली नाही. वाडीतल्या केरूची बैलगाडी ठरवली. केरूने पऱ्ह्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, भुसभुशीत तांबडी माती अकरा खेपा करून वर आणून दिली. तिच्यात आत्मारामाने यमुनाबाईच्या गाईचं कुजलेलं शेण मिसळलं, पाण्याला जायला मध्ये चर ठेवले, आणि मृग लागताच बी टोचलं. मग तो त्या वाफ्याला असा चिकटला की आरामखुर्चीवर कोंबडी बसायला लागली. सकाळी उठून गोगलगायी वेचायच्या आणि डबड्यात घालून लांब नेऊन सोडायच्या. उघडीप मिळाली की ओल्या पानांवर चुलीची राख भुरभुरायची, म्हणजे तांबडे भुंगे बसत नाहीत. कारल्याच्या कळ्यांना माशी डंख मारते म्हणून त्यांना जुन्या धोतराच्या चिंध्यांची टोपडी बांधायची. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून टोकाला दगड बांधायचा. तोही तो गोल, गुळगुळीत, किनाऱ्यावरून निवडून आणायचा. औषधाच्या दुकानातली कसली पावडर म्हणून त्याने घराच्या आसपास येऊ दिली नाही. ज्या हाताने ऋषींसाठी वाढायचं त्या हाताला विषाचा वास नको, असं तो म्हणायचा.

आणि आलं. सगळं आलं. पडवळं माणसाच्या कमरेइतकी लोंबली, भेंडीला रोज शेंग, अळू छत्रीएवढा. दमयंती त्या वर्षी श्रावणात माहेरी गेली नाही. परसात पाऊल टाकायची नाही, पण मागच्या दाराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायला लागली. तांदूळ निवडायला पुढची पडवी जास्त उजेडाची होती, हे आत्मारामाच्या लक्षात आलं होतं. हरखून गेला होता.

ऋषीपंचमीला त्याने तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. भाजी स्वतः चिरली, स्वतः शिजवली, वर ओलं खोबरं घातलं. पाट मांडला, केळीच्या पानावर वाढलं. एकतीस वर्षांत कॅप्टनच्या पानातसुद्धा त्याने इतकं जपून वाढलं नव्हतं.

दमयंती पाटावर बसली. पानाभोवती पाणी फिरवलं. भाजीकडे तिने बराच वेळ बघितलं, आणि ती खूश झालेली होती हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मग तिने मान वर केली.

“ही माती कशातना आणलीत?”

“केरूच्या गाडीतना,” आत्माराम म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं.

“गाडीला केरू जुंपलेला होता काय?”

रागाने नाही म्हणाली. अगदी हळू, वाईट वाटून म्हणाली. अकरा खेपा चढ चढून केरूच्या बैलांनी ती माती वर आणली होती. त्या भाजीच्या प्रत्येक देठात बैलाचे कष्ट होते. नांगर नव्हता म्हणून काय झालं? तिने पान उचलून बाजूला ठेवलं आणि शहाळं मागितलं. आत्मारामाने ते सोललं, पण दोनदा कोयता चुकला.

आठ दिवसांनी ती माहेरी गेली. जाताना म्हणाली की भाजी चांगली झाली होती, वाडीत वाटा. त्याने वाटली. मग दोन महिने तो त्या बाईवर, त्या नेमावर, सात ऋषींवर आणि केरूच्या बैलांवर मनातल्या मनात खवळून होता. यमुनाबाईसुद्धा म्हणाली की आम्ही काही एवढं बघत नाही. पण लगेच पुढे म्हणाली की जिचा नेम तिला ठाऊक. सखारामाचं आणखी एक पत्र आलं, या खेपेला त्याच्या नावाने. मागची पडवी बंद करून बहिणीसाठी खोली काढली आहे, तुम्हीही कधी येऊन राहत जा, असं त्यात गोड शब्दांत लिहिलं होतं. गोड शब्दांतलं पत्र वाचून माणूस खचतो तो असा. घर तिच्या नावाचं नव्हतं, समुद्र तिचा नव्हता, आता माहेरी तिला खोलीही झाली. पुढच्या ऋषीला गेली की ती तिथलीच होणार, यात त्याला शंका उरली नाही.

पाऊस पुरता संपल्यावर एक दिवस तो गडग्याची आतली बाजू झाडत होता. गडग्याच्या कोपऱ्यात, जिथं वारा अडून पाला टाकतो, तिथं दोन पावसाळ्यांचा पातेरा साचला होता. वरची पानं कोरडी, त्याखालची ओली, त्याखालची काळी. खराट्याने ती काळी पानं ओढली तर ती पानं राहिलीच नव्हती. दोन बोटं जाड माती झाली होती, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. आत्माराम उकिडवा बसला. ही माती त्याने आणली नव्हती. केरूने आणली नव्हती. उघड्या कातळावर ती आपली आपण झाली होती, आणि तो दोन वर्षं तिला कचरा म्हणत होता. त्याने चिमूट जिभेवर ठेवली. मीठ नव्हतं.

तिथून त्याचा राग ओसरला. गाडीच्या मातीचा वाफा त्याने रोजच्या भाजीला ठेवला; थंडीत त्यात वाल आणि मुळा घातला. दमयंती मार्गशीर्षात आली तेव्हा तिला जेवायला घरचा मुळा होता आणि तो तिने मुकाट खाल्ला. ऋषीच्या भाजीसाठी मात्र त्याने गडग्याच्या सावलीत एक वेगळी जागा आखली, आठ हात लांब आणि तीन हात रुंद. तिथं माती आणायची नव्हती. तिथं माती करायची होती.

माघात काजू, आंबा, ऐन यांची पानं गळायला लागतात आणि लोक ती गोळा करून जाळतात. आत्माराम त्यांच्या आधी पोहोचायचा. भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा आणि चढ चढायचा, दिवसाला चार खेपा. वाडीतल्या लोकांची करमणूक झाली. भंडारी आता पातेऱ्याची आमटी करणार, असं ते म्हणायचे, आणि केरू तर गाडी आडवी घालून विचारायचा की देऊ का सोडून वर? आत्माराम त्याच्या बैलांना लांबूनच नमस्कार करायचा.

तळाला त्याने नारळाची सोडणं उपडी रचली, म्हणजे ओल धरून राहते. त्यावर वीतभर पाला, त्यावर शेणाचा काला, पुन्हा पाला, केळीची सोपटं, चहाचा चोथा. यमुनाबाईने पेंढा देऊ केला तर तो घाबरला. पेंढा भाताचा, भात नांगराचा. नको म्हणाला. मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला भलतीच शंका आली. गाय पेंढा खात असेल तर तिच्या शेणाचं काय? सकाळी उठून तो विचारायला खाली गेला. यमुनाबाई इतकी हसली की तिला बसावं लागलं. गाय सड्यावर चरते, ती म्हणाली, पेंढा मी पावसाळ्यासाठी राखलेला आहे, न्या शेण. मासळीचं पाणी झाडांना फार मानवतं असंही ती म्हणाली, पण ते त्याने नारळाच्या रोपाला घातलं. ऋषींना बांगड्याचा वास कशाला?

ढीग त्याने पेटवला नाही. पंधरा दिवसांनी वरखाली करायचा आणि पाणी शिंपायचा. पाणी विहिरीवरून हंड्याने. चैत्रात त्याच्या लक्षात आलं की सकाळी ढिगाची एक बाजू ओली असते. तो तर संध्याकाळी पाणी घालायचा. बोट लावून हुंगलं तर देवपूजेच्या पाण्याचा, गंधाचा वास. त्याने मागच्या दाराकडे बघितलं. दमयंती चुलीपाशी बसली होती, त्याच्याकडे पाठ करून, आणि फुंकणीने जरा जास्तच जोरात फुंकत होती. मग त्यानेही काही पाहिलं नाही असं केलं.

मे महिन्याच्या अखेरीला कमरेएवढा ढीग बसून गुडघ्याखाली आला होता. खाली हात घातला की भुसभुशीत, काळं, जंगलासारखा वास. आत्मारामाने यमुनाबाईकडून हातचं बी आणलं होतं. मृग लागला, दोन सरी झाल्या, आणि तो कागदाच्या पुड्या घेऊन वाफ्याशी बसला. सगळं बी आजच लावून मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत. पडवळाची पहिली बी त्याने बोटाने टोचली.

“यंदा अधिक हाय,” मागून दमयंती म्हणाली.

ती उंबऱ्यात उभी होती. चार वर्षांत मातीबद्दल तिच्या तोंडून आपण होऊन निघालेला हा पहिला शब्द. आत्माराम वळून तिच्याकडे बघत राहिला. तेव्हा तिला पुढे बोलणं भाग पडलं. अधिक श्रावण आहे, ती म्हणाली; गणपती महिनाभर लांब गेले. आज लावलंत तर पडवळ वेळेआधी येऊन जून होईल, ऋषीला वेल वाळायला लागलेला असेल. अर्धं बी ठेवून द्या. पुनर्वसू लागला की लावा. भेंडी पण तेव्हाच. माठ तर निज, म्हणजे खरा श्रावण लागल्यावर फेका, त्याला महिना पुरतो. एवढं बोलून, आपण जास्त बोललो असं वाटून, ती आत गेली.

मृग लागला की पेरायचं एवढं आत्मारामाला ठाऊक होतं; अधिक महिन्याचा हिशेब त्याने कधी केला नव्हता. त्याला तारीख कळायची. त्याने भिंतीवर टांगलेलं पंचांग काढून पडताळून पाहिलं. ती बोलली नसती तर या वर्षीही गेलं होतं. पुढ्यातलं अर्धं बी त्याने राखेत घोळून डब्यात ठेवलं, आणि डबा चुलीवर टांगला. दमयंतीने तो जरा बाजूला, धूर नीट लागेल असा सरकवला.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. पहिली लावलेली पडवळं श्रावणातच येऊन गेली, ती त्यांनी रोजच्या जेवणात खाल्ली. पुनर्वसूतला वेल मागाहून मांडवावर चढला आणि बरोबर भाद्रपदाच्या तोंडावर फळला. आत्माराम दिवसातून दहा वेळा जाऊन बघायचा आणि दर वेळी एकच प्रश्न मनात यायचा: ही आता काय विचारील? त्याने मनाशी उजळणी सुरू केली. सोडणं कुठून आली, हंडा कुणी वाहिला, दोरी कसली. सुंभाची दोरी. सुंभ काथ्याचा, काथ्या नारळाचा, ठीक. खुरपं लोहाराकडचं, लोहाराच्या भात्याला बैल नसतो, तेही ठीक. माणूस परीक्षेला बसलेल्या पोराच्या वर काळजी करत होता.

ऋषीपंचमी उजाडली. सखारामाकडे त्या वर्षी ती अजून गेली नव्हती, पण ट्रंकेवर तिची प्रवासाची पिशवी काढून ठेवलेली होती. दोन दिवस तो त्या पिशवीला वळसा घालून चालत होता. त्याने भाजी काढली. आठ बाय तीन हातांच्या तुकड्यातलं ते किती असणार? दोन पडवळं, मूठभर भेंडी, अळूची पाच पानं, माठाची जुडी, भोपळ्याचे शेंडे, मक्याचं एक कणीस. गेल्या वर्षीच्या मानाने काहीच नाही. एका माणसाला पुरेल एवढं. त्याने शिजवलं, पान मांडलं, वाढलं.

दमयंती बसली. पाणी फिरवलं. तिने मान वर करण्याच्या आधीच आत्माराम बोलायला लागला.

“माती पातेऱ्याची. पातेरा माज्या डोक्यावरना. शेण यमुनाबाईच्या गायचा, गाय सड्यावर चरते. पाणी हंड्यातला. दोरी सुंभाची. मीठ मिठागरातला, तिथा मानसा फावड्यान ओढतात, मी बघितलाय. बी...”

“जेवू द्या मला,” दमयंती म्हणाली.

आणि ती जेवली. सावकाश, एकेक घास. मध्येच कणसाचा तुकडा हातात धरून चोखला. आत्माराम चुलीशी पळी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने धुरावर ढकललं, पण चूल विझलेली होती. भांडं रिकामं झालं तेव्हा तिने पान पुसून घेतलं.

हात धुऊन ती आत आली नाही. बराच वेळ झाला म्हणून तो मागच्या दारात गेला. ती परसात उतरली होती. मांडवाखाली वाकून ती एकेक पडवळ हाताने चाचपत होती, आणि शेवटी वाफ्याच्या मधोमध लोंबणाऱ्या एकावर तिचा हात थांबला. चांगलं सरळ, भरलेलं, अजून कोवळं. तिने त्याच्या टोकाचा दगड सोडून खाली ठेवला. मग पदराची किनार दाताने फाडून तिची चिंधी केली आणि ती पडवळाच्या देठाला बांधली.

“ह्याला हात लावू नका,” ती म्हणाली. “बियाला ठेवलाय.”

आत्मारामाने खाली ठेवलेला दगड उचलून गडग्यावर ठेवला. मग त्याने विचारलं की काढायचं कधी.

“पिकून लाल झाला की. घाई करू नका. मी सांगीन.”

ती हात झटकत घरात गेली. आत्माराम तिथंच उभा होता, तोवर आतून ट्रंक उघडल्याचा आणि पिशवी तिच्यात ठेवल्याचा आवाज आला.